दात गच्चीवर टाकण्याचं गणित

रविवार, ७ एप्रिल १९८५

जयूचा दात पडला. वरचा, समोरचा, उजवीकडचा. कैरीच्या फोडीत रुतून आला. वय वर्षं सात, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे.

दात काडेपेटीत ठेवला आहे. तळमजल्यावरच्या शेवंतीकाकू परब तिला सांगून बसल्या की कोकणात पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर टाकतात, मग उंदीरमामा तो नेतो आणि नवा आणून देतो. आमच्या बिल्डिंगला कौलं नाहीत, गच्ची आहे. म्हणून गच्चीवर टाकायचा, आणि बाबांनी टाकायचा, असं जयूने ठरवून टाकलं.

मी तिला समजावलं की नवा दात हिरडीत आधीच तयार असतो, उंदराचा काही संबंध नाही. तिचा ओठ थरथरायला लागला. मग म्हटलं, टाकू. शेवटी हा प्रोजेक्टाइल मोशनचाच प्रश्न आहे. अकरावीला तो चॅप्टर मी सतरा वर्षं शिकवतोय.

मृणालिनी म्हणाली, अहो, गुप्त्यांकडून गच्चीची चावी घ्या आणि वर जाऊन ठेवून या, पाच मिनिटांचं काम. नंदकुमार गुप्ते, दुसरा मजला, सोसायटीचे सेक्रेटरी. फेब्रुवारीत या गृहस्थाने माझी अँटेना फिरवून स्वतःची लावली. तेव्हापासून आमच्या टीव्हीवर बातम्या देणारी बाई दोन दिसते. या माणसाकडे मी चावी मागणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

संकल्प: बुधवारपर्यंत दात गच्चीवर.

सोमवार, ८ एप्रिल

तळ अधिक तीन मजले. कठड्यासकट उंची तेरा मीटर धरली. हवेचा विरोध नगण्य मानला, नेहमीप्रमाणे.

पंचेचाळीस अंशांनी फेकल्यास लागणारा वेग ताशी एक्क्याऐंशी किलोमीटर. मध्यमगती बोलर सहज टाकतात. तेव्हा सामान्य माणसाला अगदीच अशक्य नसावं. फक्त या कोनासाठी बिल्डिंगपासून सव्वीस मीटरवर उभं राहावं लागतं. मागचं अंगण जेमतेम आठ मीटर. सव्वीस मीटरवर नाला आहे.

कोन बदलला. अंगणाच्या टोकाला पाण्याच्या टाकीचं झाकण आहे, तिथे उभं राहायचं. उत्तर आलं त्र्याहत्तर अंश, ताशी साठ किलोमीटर. सोपं झालं.

जयू शेजारी बसून वहीत बघत होती. एवढं सगळं माझ्या दातासाठी, असं विचारलं. हो म्हटलं. फार बरं वाटलं. मुलांना असंच शिकवायला हवं, प्रत्यक्ष जीवनातून.

अकरावीचे पेपर तपासायचे राहिले. उद्या.

मंगळवार, ९ एप्रिल

शेवंतीकाकूंनी शेण दिलं, कर्दळीच्या पानात बांधून. अंगणात त्यांच्या मागच्या दाराशी तुळस आहे, सासूबाईंच्या हातची, गावच्या मातीसकट डब्यात घालून आणलेली. ती रोज सारवायला त्या सकाळी गोठ्यातून शेण आणतात. नवरा धोंडू परब, मिल गेली तसा घरीच. अख्ख्या बिल्डिंगमध्ये शेण असलेलं हे एकमेव घर.

सराव केला. बटाटा, कॉलेजच्या मैदानावर, दोन वेळा. पहिला मागे गेला. हात उशिरा वळला की कोन नव्वदच्या पलीकडे जातो असं दिसतं. नोंद घेतली. दुसरा सापडला नाही, म्हणजे लांब गेला असणार.

बुधवार, १० एप्रिल

उजवा खांदा. आयोडेक्स. प्रक्षेपण पुढे ढकललं. शेण ओल्या फडक्यात ठेवलं आहे. फडकं मृणालिनीचं होतं, तिने ते ओळखलं.

गुरुवार, ११ एप्रिल, सकाळी ७.१५

टाकला.

पहाटेची वेळ निवडली, वाऱ्याचा त्रास नको म्हणून. बरोबर जयू, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, हात जोडून. सहा चाळीसला टाकीच्या झाकणावर उभा राहिलो. त्र्याहत्तर अंश कोनमापकाने एकदा बघून घेतले. जयूने एक, दोन, साडेमाडे, तीन म्हटलं.

सुटताना डोळे मिटले गेले. ही नैसर्गिक प्रतिक्रिया आहे, इलाज नाही. उघडले तेव्हा गोळा कुठे दिसला नाही. वरून कुठून तरी फच् असा आवाज आला. जयूने विचारलं, पोचला? मी म्हटलं, पोचला. तिने टाळ्या वाजवल्या आणि माझ्या कमरेला मिठी मारली.

पोचला असावा. न पोचायला कारण नाही. गणित दोनदा तपासलं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

पोचला नाही.

गुप्त्यांच्या मागच्या गॅलरीत, आतल्या भिंतीवर. थोरलीच्या लग्नासाठी मागच्याच आठवड्यात बदामी डिस्टेंपर लावलं होतं. त्यावर ताटलीएवढा हिरवा डाग. खाली अंगणातूनसुद्धा दिसतो.

हे परवडलं असतं. पण वसुधावहिनी, म्हणजे गुप्त्यांची बायको, ते पुसायला गेल्या तेव्हा शेणातून दात निघाला. लग्नघरावर शेण, आणि शेणात माणसाचा दात. त्या किंचाळल्या ते मी पेपर तपासताना ऐकलं. नंतर जिन्यात बायका जमल्या. करणी आहे, अशी एकमताने चर्चा झाली. शेण कुणाकडे असतं, हेही एकमताने ठरलं. शिवाय त्या पडल्या मालवणी, त्यांच्याकडे हे सगळं चालतं, असं कुणीतरी म्हणालं. शेवंतीकाकू तेव्हा खाली नळावर होत्या.

मी विज्ञानाचा माणूस. करणीवर माझा विश्वास नाही. तसं सांगायला खाली उतरणारच होतो, पण मग दाताचा खुलासा करावा लागला असता. आणि जयू जिन्यातच उभी होती. बायकांमध्ये घुसून तिने सांगितलं की तो दात तिचा नाही, तिचा गच्चीवर आहे, बाबांनी टाकलाय. त्या गलक्यात तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मी दार लोटून घेतलं.

संकल्प: उद्या सकाळी गुप्त्यांना सगळं स्पष्ट सांगायचं.

शुक्रवार, १२ एप्रिल

गेलो होतो. बेल वाजवली. वहिनींनी कोकम सरबत दिलं. डोळे सुजले होते, रात्रभर झोपल्या नव्हत्या. दहिसरहून कुणी जाणकार आला होता म्हणे. त्याने भिंतीवर लिंबू फिरवलं आणि सांगितलं की हे खालून आलंय. दिशेपुरतं त्याचं बरोबर आहे. तो दात त्याने कापडात बांधून नेला आणि दहिसर नदीत सोडणार आहे. सोडलाही असेल.

अशा मनःस्थितीत त्या बाईला धक्का देणं योग्य वाटलं नाही.

निघताना गुप्त्यांनी सर्क्युलर पुढे केलं. रविवार दिनांक २१ रोजी खास सभा. विषय: अंगणातील तुळस व तदनुषंगिक शेण सोसायटीच्या जागेतून कायमचे हटविणे. सही केली. ती फक्त मजकूर वाचल्याची सही असते, संमतीची नव्हे. गुप्ते मला म्हणाले, तुमच्यासारखी शिकलेली माणसं सोबत आहेत म्हणून बरं आहे, मास्तर.

खाली अंगणात उतरून डाग बारकाईने पाहिला. उंची साधारण आठ मीटर. गणित करून बघितलं. माझा कोन साठ अंशांचा पडला. तेरा अंशांची चूक. पहिल्याच प्रयत्नात, खांदा दुखत असताना, तेरा फार नाहीत.

रविवार, १४ एप्रिल

जयू रोज सकाळी आरशात बघते. मी टॉर्च घेऊन बघतो. हिरडी गुलाबी, रिकामी. पंधरा दिवस ते महिनाभर लागतो, हे मला माहीत आहे. उंदराचा संबंध नाही हेही माहीत आहे. तरी आज दोनदा बघितलं.

तिने विचारलं की गुप्तेकाकींकडे सापडला तो दात कुणाचा असेल, आणि त्या मुलाला आता नवा येणार नाही का. मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, बिचारा, त्याच्या बाबांना नीट टाकता आला नसणार.



मंगळवार, १६ एप्रिल

शेवंतीकाकूंशी कुणी बोलत नाही. शनिवारपासून बघतोय. त्या नळावर आल्या की बाकीच्या कळश्या भरून पटकन जातात. पहिल्या मजल्यावरच्या मुलांना त्यांच्याकडे जायची बंदी. एकटी जयू जाते.

आज जिन्याखाली समोरासमोर आलो. टाळता आलं नाही. त्यांनी जयूचं विचारलं, मास्तरानु, चेडवाचो दात पोचलो मां? मी म्हटलं, हो हो, पोचला. त्यांनी कळशी दुसऱ्या कडेवर घेतली. मग म्हणाल्या, बरां झालां.

त्यांना संशय नाही. नाहीतर बोलल्या असत्या.

बुधवार, १७ एप्रिल

शेवंतीकाकू घरी आल्या. नोटिशीला उत्तराचा अर्ज लिहून हवा होता. परबांना लिहिता येतं की, म्हटलं. तर म्हणाल्या, नको, तुमीच लिवा, तुमका काय घडलां तां बरोबर लिवूक येताला.

माझ्या भाषेवर एवढा विश्वास. मन लावून लिहिला. सदर कृत्याशी अर्जदाराचा कोणताही संबंध नसून ते अज्ञात इसमाकडून अनवधानाने घडलेले असावे. अज्ञात इसम हे शब्द लिहिताना पेन अडलं. शाई संपत आली असावी.

वाचून दाखवला. काकूंनी ऐकला. आणखी काय लिवचा नाय मां, असं एकदा विचारलं. नाही म्हटलं. त्यांनी अर्जाची घडी करून पदरात बांधली, मला चहाही करू दिला नाही.

त्या गेल्यावर मृणालिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या गुरुवारच्या शर्टाच्या बाहीला शेण होतं, मीच धुतलाय, एवढंच म्हणाली. मी खांद्याला आयोडेक्स लावत बसलो. खांदा आता दुखत नाही.

संकल्प: उद्या नक्की. गुप्त्यांना एकट्यात गाठायचं.

गुरुवार, १८ एप्रिल

गुप्ते एकटे नव्हते.

शुक्रवार, १९ एप्रिल

एकटे होते. पण घाईत होते. अँटेनाविषयी बोललो. त्यांनी ताबडतोब फिरवून देतो म्हटलं, आणि खरंच फिरवून दिली. आता बाई एकच दिसते. आता तर सांगणं अधिकच कठीण झालं.

शनिवार, २० एप्रिल

उपाय सापडला. पहाटे चारला जागा होतो, तेव्हा एकदम सुचला. आठ दिवस मी उगाच कुढलो.

कबुली द्यायची गरजच नाही. काकू निर्दोष आहेत हे सिद्ध करायचं, बस. भौतिकशास्त्राने! डाग आठ मीटरवर, गॅलरीच्या आतल्या भिंतीवर. काकूंचं दार बरोबर त्याच गॅलरीच्या खाली. तिथून वर फेकलं तर गोळा स्लॅबच्या तळाला आपटेल, आत जाणं अशक्य. म्हणजे फेकणारा लांब उभा होता. इथे थांबायचं. तो कोण, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

तुळस वाचेल. जयूला कळणार नाही. गुप्त्यांचा गैरसमज दूर. कुणाचंच नुकसान नाही. इतके दिवस मी शास्त्रावर पुरेसा भरवसा ठेवला नाही, हीच काय ती माझी चूक.

खडू आणले. रंगीत.

रविवार, २१ एप्रिल, दुपारी

सभा अंगणातच झाली, खुर्च्या टाकून. परब पतीपत्नी शेवटच्या रांगेत, त्यांच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. जयू तिथे जाऊन बसली, काकूंच्या मांडीला टेकून.

गुप्त्यांनी ठराव वाचला. मी हात वर केला आणि उठलो.

फार छान बोललो. कंपाउंडच्या भिंतीवर बिल्डिंग काढली, निळ्या खडूने गॅलरी, पिवळ्याने पॅराबोला. स्लॅबचा मुद्दा सगळ्यांना पटला. शेवंतीकाकूंच्या दारातून हे घडूच शकत नाही, असं गुप्त्यांनीच मान डोलावून म्हटलं. वसुधावहिनी काकूंकडे बघायला लागल्या. इथे थांबायचं होतं.

पण सतरा वर्षांची सवय. पुढची पायरी आपोआप आली. डागाचे शिंतोडे आडवे आहेत, म्हणजे गोळा तिथे पोचला तेव्हा वर चढणं संपलं होतं. म्हणजे तो मार्गाचा सर्वोच्च बिंदू. म्हणजे साठ अंश. म्हणजे फेकणारा इथे, असं म्हणून मी चालत गेलो आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर उभा राहिलो. हेही म्हटलं की फेकणाऱ्याला जायचं असावं वर गच्चीवर, पण दंडात तेवढा जोर नव्हता.

गुप्ते म्हणाले, वा मास्तर, कमाल आहे, जणू डोळ्यांनी बघितलंय.

मग जयू उठली. तिने विचारलं, बाबा, आपण तिथेच उभे होतो ना?

 मी खडू दुसऱ्या हातात घेतला. तिने पुन्हा विचारलं, म्हणजे माझा गच्चीवर गेलाच नाही?

मी नाही म्हटलं. गेला नाही. आणि मग बाकीचंही सांगितलं, सही, अर्ज, सगळं. झाकणावरूनच. उतरायचं सुचलं नाही. कुणीतरी मागून हसलं, मग बरेच जण हसले. गुप्ते हसले नाहीत. ते म्हणाले, अहो, चावी मागितली असती तर दिली असती, दारामागे खिळ्यालाच असते. वसुधावहिनी रडायला लागल्या आणि काकूंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या. ठराव मागे घेतला.

माणसं पांगल्यावर मी काकूंकडे गेलो. शब्द जुळवत होतो. त्या म्हणाल्या, माका म्हायत होतां, शेण माझ्याच हातचा मां? चेडू रडतलां म्हणान गप रवलंय. मग उठून तुळशीला पाणी घालायला गेल्या. धोंडू परब पुढे झाले. त्यांनी भिंतीवरचं माझं गणित ओल्या फडक्याने पुसून काढलं.

दहा दिवस ती बाई माझ्या मुलीसाठी करणीवाली म्हणवून घेत राहिली. मी तिच्या दाराशेजारच्या जिन्याने वर खाली करत होतो. याला काय म्हणायचं मला माहीत आहे. लिहवत नाही.

मंगळवार, २३ एप्रिल

जयू बोलत नाही. भांडत नाही, रुसलेलीही दिसत नाही. काही विचारलं तर आईकडे बघून उत्तर देते.

अकरावीचे पेपर संपवले. प्रोजेक्टाइलच्या प्रश्नाला बहुतेकांना शून्य. एकाने लिहिलंय, दगड वर जातो आणि आपल्याच डोक्यात पडतो. अर्धा मार्क दिला.

शुक्रवार, ३ मे

जयूच्या हिरडीत पांढरं टोक दिसलं. ती हसत होती तेव्हा लांबून दिसलं, टॉर्चशिवाय. उंदीर, नदी, गच्ची कशाचाच संबंध नाही, मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो. आनंदाने दाखवायला गेलो. तिने तोंड मिटून घेतलं.

संकल्प: दंडाचे व्यायाम. रोज पंधरा. पुढच्या वेळी ताशी साठ जमलंच पाहिजे. सूत्रात चूक नव्हती.

गुरुवार, ९ मे

व्यायाम चालू. सरासरी रोज चार. वहीत नवीन गणित मांडून ठेवलं आहे, या खेपेस हवेचा विरोधही धरला. जयूच्या टेबलावर दिसेल अशी उघडी ठेवली. संध्याकाळी ती तिथेच होती, फक्त मिटलेली.

रविवार, १२ मे

जयूचा त्याच्या शेजारचाही दात पडला. शुक्रवारीच पडला होता. मला आज कळलं, तेही मृणालिनीकडून. जयूने तो काडेपेटीत घालून सरळ तळमजल्यावर नेला आणि धोंडूकाकांना दिला. काकूंनी शेण दिलं. काकांनी टाकला.

रागावण्याचा मला हक्क नव्हता, तरी थोडं वाईट वाटलं. साठ वर्षांचा माणूस, कोनमापक नाही, कोनाची कल्पनाही नसणार. जयू अंगणात सागरगोटे खेळत होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्याशेजारी जाऊन बसलो. ती उठली नाही. मी विचारलं, पोचला का गं गच्चीवर?

ती म्हणाली, पहिल्यांदा नाही पोचला. कठड्याला आपटून खाली पडला. मी विचारलं, मग काका काय म्हणाले?

तिने सागरगोटे गोळा केले आणि अगदी काकांच्या आवाजात सांगितलं. नाय पोचलो गो. थांब, परत टाकतंय.

आणि परत टाकला, म्हणाली.